घरची प्रार्थना बारा मिनिटांची का असावी: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी

पाळक_माळवा
जय ख्रिस्त, मंडळी.

पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून घरभेटीला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "पाळकसाहेब, प्रार्थना सुरू तर करतो, पण टिकत नाही." असं सांगणाऱ्यांचा विश्वास कमी पडतो असं मला अजिबात वाटत नाही. घरची प्रार्थना मोडते ती बहुतेक वेळा तीन साध्या कारणांनी. ती लांबते. ती घड्याळाला बांधलेली असते. आणि त्या निमित्ताने कुणाला तरी बोलणी बसतात.

आधी वेळेचं बोलू. "रोज रात्री नऊला" हा नियम इंदुरात आठवडाभरही तग धरत नाही. बाबांची पिथमपूरची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, मुलगी भंवरकुआँच्या क्लासहून साडेनऊला येते, आजी आठलाच आडवी होते. म्हणून प्रार्थना तासाला न बांधता रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. ताटं उचलली की प्रार्थना, किंवा सकाळचा पहिला चहा झाला की प्रार्थना. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मुलांना शिकवण्याचे चार प्रसंग दिले आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. चारही रोजच्या हालचाली आहेत. शिफ्टमुळे एक जण नसेल तर उरलेल्यांनी करावी, थांबून राहू नये. नसलेल्या माणसाचं नाव प्रार्थनेत घेतलं की तोही त्यात आला.

आता लांबी. बारा मिनिटं, त्याहून जास्त नको. गीताची दोनच कडवी, साधारण तीन मिनिटं. वाचन दहा ते पंधरा वचनं, तीन मिनिटं. एक प्रश्न आणि त्यावर बोलणं, तीन मिनिटं. मग प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना. मुलं कंटाळून उठण्याआधी संपली पाहिजे. अर्ध्या तासाची प्रार्थना आठवड्यातून दोनदा होते, बारा मिनिटांची रोज होते.

वाचनाची सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून करा. १६ अध्याय, रोज पंधरा वचनं धरली तर दीड महिन्यात पूर्ण होतो, आणि एक पुस्तक संपवल्याचा आनंद घराला मिळतो. त्यानंतर पूर्ण नवा करार हवा असेल तर त्याचे २६० अध्याय आहेत: आठवड्यातले पाच दिवस रोज एक, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. शनिवार-रविवार मोकळे, राहिलेलं भरून काढायला. संपूर्ण बायबलचे ११८९ अध्याय वर्षात करायचे तर रोज तीन आणि रविवारी पाच लागतात. हे मोठ्यांनी एकट्याने करावं. यात लोक अडकतात ती जागाही ठरलेली आहे: निर्गम २५ पासून निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात आणि त्यापाठोपाठ लेवीय येतं. तिथे दोन खुणा ठेवा, एक जुन्या करारात आणि एक स्तोत्रसंहितेत. मापांचा अध्याय जड गेला तर त्या दिवशी एक स्तोत्र तरी मनात राहतं.

प्रश्नाची तयारी मात्र आधी हवी. "यातून काय शिकलो?" असं विचारलं की मूल "देव चांगला आहे" म्हणतं आणि मोकळं होतं. डोळ्यांना दिसेल असं विचारा. मार्क ४ मधलं वादळ घ्या. लाटा तारवात (होडीत) आदळताहेत, तारू पाण्याने भरायला आलंय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ही उशी फक्त मार्काने लिहिली आहे. मत्तय आणि लूक दोघेही हेच वादळ सांगतात, पण त्यांच्याकडे उशी नाही. मुलांना विचारा, "तारवात उशी कुठून आली असेल? दिवसभर लोकांना शिकवून माणूस किती थकतो?" मुलं उशीपासून सुरुवात करतात आणि आपोआप भीतीपर्यंत येतात. मग आपली भीती सांगतात: गणिताचा पेपर, शाळेच्या बसमधला त्रास देणारा मुलगा. प्रार्थनेचा विषय तिथेच मिळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. "प्रभू, आमच्या लेकराला मोबाइलपासून सोडव" असं त्याच्यासमोर मोठ्याने म्हणणं ही देवाच्या नावाने दिलेली तंबी आहे. मूल उत्तर देऊ शकत नाही, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. नवरा-बायकोही हे एकमेकांशी करतात. पौलाचं कलस्सैकरांस पत्र (३:२१) बापांना बजावतं की मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील. नियम एकच ठेवा: समोर बसलेल्या माणसासाठी उपकार मानायचे, किंवा त्याने स्वतः सांगितलेली विनंती करायची. तक्रार असेल तर प्रार्थनेआधी, डोळे उघडे ठेवून, तोंडावर बोलायची.

छावणीची_सून
पाळकसाहेब, उशीचा मुद्दा आजच घरी वापरते. अडचण भाषेची आहे. सासूबाई मराठी बायबलच वाचतात. मुलं बोलतात मराठी, पण वाचायला हिंदी सोपं जातं. चर्चमध्ये उपासना हिंदीत. घरी कुठलं बायबल ठेवायचं?

शास्त्रवाचक
ताई, दोन्ही ठेवा, पण एका दिवशी एकच भाषा. वचन दोनदा वाचलं की लांबतं आणि मुलं शब्द ताडून पाहण्यात रमतात. आजी आहेत तोवर मराठी जास्त दिवस असू द्या. ही संधी पुढे मिळत नाही.

मुलं गोंधळतात ती पुस्तकांच्या नावांत. आपलं स्तोत्रसंहिता तिकडे, म्हणजे हिंदीत, भजन संहिता, नीतिसूत्रे तिकडे नीतिवचन, मत्तय म्हणजे मत्ती, अनुवाद म्हणजे व्यवस्थाविवरण, करिंथकरांस म्हणजे कुरिन्थियों. अनुवाद तर मुलांना भाषांतराचं पुस्तक वाटतं. आपण शुभवर्तमान म्हणतो, ते सुसमाचार. आपली मंडळी (चर्चचा समुदाय) तिकडे कलीसिया, आपला पाळक तिकडे पासबान. एका पुठ्ठ्यावर ६६ पुस्तकांची दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून बायबलच्या मागच्या पानात ठेवा. मुलांकडूनच लिहून घ्या, लिहिताना पाठ होतात.

आवृत्तीबद्दल एक सुचवणं: बायबल सोसायटीची जुनी मराठी भारदस्त आहे, पाठांतराला ती छान बसते. गोष्ट समजून घ्यायला मात्र मुलांना सोप्या मराठीतलं भाषांतर द्या. पाठ करायची वचनं कायम एकाच आवृत्तीतून घ्या, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतात.

रविवारशाळा_ताई
पाठांतराबद्दल जोडते. पालक शनिवारी रात्री वचन घोकून घेतात आणि रविवारी दुपारपर्यंत ते विसरलेलं असतं. सोमवारी पूर्ण वचन फळ्यावर किंवा फ्रिजवर लिहा. मंगळवारपासून रोज थोडे शब्द पुसा, पण आधी क्रियापदं पुसू नका. नावं पुसा, विशेषणं पुसा. क्रियापद शेवटपर्यंत राहिलं तर वाक्याचा कणा हातात राहतो. शनिवारी फक्त संदर्भ उरतो, उदाहरणार्थ 'स्तोत्र ४६:१'. दर चौथ्या आठवड्याला नवं वचन नको, मागच्या तीन वचनांची उजळणी. असं केलं तर वर्षाला ३९ वचनं होतात आणि ती राहतात. ५२ घेतली तर त्यातली फार थोडी राहतात.

सहा वर्षांखालच्या मुलांना संदर्भ विचारू नका, त्यांना अंक आणि वचन यांचा मेळ अजून लागत नाही.

पेटीवाला_रामबाग
गीताच्या दोन कडव्यांवरून सांगतो. घरी गाणं बंद पडतं त्याचं कारण बहुतेक वेळा पट्टी, म्हणजे गाण्यासाठी धरलेला मूळ सूर, असते. चर्चमध्ये पेटी ज्या सुरात असते तोच सूर घरी लावला की आजींचा आवाज चढत नाही, वयात आलेल्या मुलाचा आवाज फुटतो, मग दोघं गप्प होतात. पुरुष एकटे गाताना पेटीवरची काळी एक-दोन घेतात, बायका काळी चार-पाच. एकत्र गाताना दोघांनाही तडजोड करावी लागते. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर आधी शोधा, तो सगळ्यांना जोर न लावता लागला पाहिजे, आणि तिथून खाली येत षड्ज (सा) ठरवा. उलटं केलं, म्हणजे पहिली ओळ सोयीची म्हणून सूर धरला, की अंतऱ्यात हमखास फसतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या अभंगांच्या, भजनांच्या वळणावर गीतं दिली, हे मराठी मंडळीचं मोठं धन आहे. पेटी नसली तरी टाळीवर चालतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवा आठ, दादरा सहा. मुलांना केरवा पटकन पकडता येतो, त्याच्यापासून सुरुवात करा. लय हळूहळू वाढत जाते तीही सांभाळा, मुलं टाळी पळवतात. एका मोठ्याने मांडीवर फक्त सम (तालाची पहिली मात्रा) धरावी.

विजयनगर_४५
एक अवघड प्रश्न. आमचे शेजारी, मुलांचे मित्र सगळे हिंदू आहेत. गणपतीत घरोघरी बोलावतात, हातावर प्रसाद ठेवतात. घरात दोन मतं आहेत आणि दरवर्षी वाद होतो.

पाळक_माळवा
हा वाद करिंथच्या मंडळीतही होता, आणि पौलाने त्याला पहिल्या पत्रात ८ ते १० असे तीन अध्याय दिले, त्यामुळे तुमचं घर एकटं नाही. १० व्या अध्यायाच्या शेवटी तो दोन्ही बाजू सांगतो. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. रोमकरांस १४ मध्ये तो खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला एकमेकांना तुच्छ लेखू नका, दोषी ठरवू नका असं सांगतो.

माझं मत: प्रसाद आणि निमंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी धरा. निमंत्रण नाकारू नये, भेटीला जावं, बसावं, सुखदुःख विचारावं. प्रसादाबद्दल घरात एकमत आरतीच्या दारात होत नसतं. ते गणेशचतुर्थीच्या आठवडाभर आधी घरी बसून करा आणि मुलांना शब्द द्या, म्हणजे त्यांना तिथे अडखळावं लागणार नाही. "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचा चहा घेऊ" हे नम्रपणे, हसून, नमस्कार करून म्हटलं तर कुणी दुखावत नाही. घेऊन कोपऱ्यात टाकून देणं मात्र कधीच नको. ते शेजाऱ्याशीही खोटं आणि देवाशीही.

छावणीची_सून
पाळकसाहेब, इथे माझं थोडं वेगळं आहे. ज्या घरात सासर-माहेर दोन धर्मांचं आहे तिथे "घेत नाही" हे वाक्य आईला तोंडावर सांगणं फार जड जातं. तिथे मुलीने काय घ्यावं, काय घेऊ नये हे तिच्यावर सोडावं, मंडळीने विचारूही नये.

पाळक_माळवा
ताई, बरोबर. ज्या घरात नातं रक्ताचं आहे तिथे रोमकरांस १४ चा भार जास्त धरावा. मंडळीने चौकशी करू नये हे मलाही मान्य आहे.

नाताळातही हेच ध्यानात ठेवा. शेजाऱ्यांना करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचा डबा पाठवताना त्यात अंड्याचा केक ठेवू नका. त्यांच्यासाठी केक बिनअंड्याचा, भांडं वेगळं, सुरी वेगळी, आणि डब्यावर तसं लिहा. त्यांनी न विचारता खाता यावं.

वेदीसेवा
प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) तयारीबद्दल कुणी विचारलं नाही, पण मंडळीच्या कामातलं हे घरच्या स्वयंपाकघरात होणारं काम आहे आणि चुका तिथेच होतात.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त प्रोटेस्टंट मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यामुळे एकाच बाकावर पूर्वीच्या वेगवेगळ्या पद्धतींची कुटुंबं बसतात. रसासाठी कुठे सगळ्यांना एकच प्याला, कुठे प्रत्येकाला लहान पेले. इंदुरात कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये आलं. लहान पेल्यांची पद्धत चालते तिथलं माप देते.

८० जणांना, पेल्याला १२ मिलि धरून, ९६० मिलि मनुक्यांचा रस लागतो, म्हणजे एक लिटर करा. काळे मनुके २५० ग्रॅम, कोमट पाण्यात दोनदा धुवायचे, कारण देठाशी धूळ असते. सव्वा लिटर पाण्यात रात्रभर, आठ तास भिजत ठेवायचे. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं. उकळी फुटू द्यायची नाही, जोरात उकळलं की रसाला काकवीसारखा वास येतो. गार झाल्यावर हाताने कुस्करायचे. मिक्सर नको, बिया फुटल्या की तुरटपणा उतरतो आणि तो जात नाही. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचा. साखर घालायची नाही. भांडं स्टीलचं. बिनकल्हईच्या पितळेत-तांब्यात आंबट रस ठेवू नये, धातू उतरतो.

इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शनिवारी केलेला रस बाहेर राहिला तर रविवार सकाळपर्यंत फेस येऊन आंबतो. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. पेले शनिवारी धुऊन पालथे घाला, रविवारी चोचीच्या लहान किटलीने दोन तृतीयांश भरा. काठोकाठ भरले तर ट्रे फिरताना सांडतात आणि आजोबांचे हात थरथरतात त्यांना लाज वाटते.

बेखमीर (खमीर न घातलेल्या) भाकरीसाठी २०० ग्रॅम गव्हाचं पीठ, चिमूट मीठ, दोन चमचे तेल, साधारण शंभर मिलि पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. दोन लाट्या करून वीस सेंटिमीटर व्यासाच्या लाटा, भाजण्याआधी सुरीच्या बोथट बाजूने दीड सेंटिमीटरच्या चौकटी आखा. अगदी मंद आचेवर, फुगू न देता, फडक्याने दाबत भाजा. आखलेलं असलं की तुकडा सरळ मोडतो आणि चुरा पडत नाही. कडा सोडून एका भाकरीतून शंभरेक तुकडे निघतात. एक मोडण्यासाठी अखंड ठेवायची, एक तुकड्यांसाठी. उरलेलं सेवा झाल्यावर तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवा, किंवा रस झाडाच्या बुंध्याशी मातीत ओता. बेसिनमध्ये नाही.

लोकमान्यनगर_दादा
प्रभुभोजनावरून विचारतो. सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे. तोही याच मंडळीत आहे. मी भाकर घ्यावी का?

पाळक_माळवा
दादा, हा प्रश्न विचारलात म्हणजे तयारी अर्धी झाली आहे. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो, आणि तिथे "तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं म्हणतो. चूक कोणाची हे ठरवायला तो थांबत नाही.

करायचं असं. प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी घाईने फोन करू नका, त्या फोनमागे घाई असते आणि समोरच्याला ती कळते. आठवडा आधी जा. एकटे जा, मत्तय १८:१५ ची पहिली पायरी हीच आहे: तो आणि तू, दोघंच. दुसऱ्या पायरीला एक-दोन जण, तिसरीला मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. आधी कमिटीला कळतं, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर येतं, आणि भावाला शेवटी.

बोलताना "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" म्हणू नका. त्या 'तर'मध्ये दोष परत त्याच्याकडे जातो. "मी अमुक दिवशी अमुक बोललो, ते चुकलं" असं आपलं काम नाव घेऊन सांगा. घराच्या वाटणीचा विषय त्याच बैठकीत काढू नका. तो कागदावर, वेगळ्या दिवशी, दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्यासमोर.

तुम्ही गेलात, बोललात, आणि त्याने दार लावलं, तर तुमच्याकडून होतं ते झालं. रोमकरांस १२:१८ "साधेल तर तुमच्याकडून होईल तितके" असं म्हणूनच शांतीची आज्ञा देतं. मग भाकर घ्या. त्याचं नाव प्रार्थनेत ठेवा, उपासनेत मोठ्याने नको.

खजिनदार_२
दानाचं थोडक्यात. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१६:२) आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे वेगळं काढून ठेवा असं आहे. पगार झाल्या दिवशीच लिफाफ्यात वेगळं काढलं तर देणं होतं, महिनाअखेरीस उरलेलं देऊ म्हटलं तर उरत नाही. मुलांना खिशातली नोट ऐनवेळी काढून देऊ नका, त्यांच्या खाऊच्या पैशांतून त्यांनीच ठरवलेली नाणी त्यांनी टाकावी.

चर्चमध्ये मोजणी नेहमी नात्यात नसलेल्या दोघांनी, उपासना संपल्यावर त्याच खोलीत. नोटांची फोड लिहून दोघांच्या सह्या, आणि रक्कम सोमवारी बँकेत. पैसे एका रात्रीपुरतेही कुणाच्या घरी जाऊ नयेत. हा नियम असला की चांगल्या माणसावर कधी संशय येत नाही.

रविवारशाळा_ताई
वेदीसेवा ताई, बिया काढलेले मनुके बाजारात मिळतात, ते घेतले तर मिक्सर चालेल का? मुलींना ही तयारी शिकवायची आहे.

वेदीसेवा
चालेल, पण दोन-दोन सेकंदच फिरवा, आणि मग मलमल तीनदा, कारण गर बारीक होतो आणि रस गढूळ दिसतो. तेलाचा हात लावलेले मनुके येतात ते टाळा, रसावर तवंग येतो. मुलींना आधी पेले धुवायला द्या. ८० पेले न फुटता धुऊन पालथे घालता आले की त्यांच्या हाती किटली द्या.